बाहेर, बहिष्कार आणि बहिरे आजोबा

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. सुताराने लाकडी फळ्या जोडून मला घडवले, काळा रंग दिला आणि पाचवीच्या वर्गात टांगले. बरीच वर्षे माझ्यावर नुसते शब्द आणि त्यांचे अर्थ लिहिले जात. मुले ते घोकत आणि परीक्षा झाली की विसरत. खरे सांगायचे तर मलाही कंटाळा येई.

मग नव्या बाई आल्या. त्यांनी माझ्या मधोमध एकच शब्द लिहिला : बहिर्.

"याचा अर्थ बाहेर. आता याचं गणगोत शोधा," त्या म्हणाल्या.

बाहेर, बाह्य, बहिष्कार... माझे अंग भरत गेले. तेवढ्यात चिंगीने हात वर केला. "बाई, आमचे आजोबा बहिरे आहेत. बाहेरचं आत जात नाही, म्हणून बहिरे का?"

वर्ग खो-खो हसला. बाई हसल्या नाहीत. "मला ठाऊक नाही. शोधून सांगते." शिक्षकाच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितले, "बहिरा आला 'बधिर'वरून. तोंडावळा सारखा, पण घराणं वेगळं. चिंगीनं विचारलं म्हणून मलाही कळलं."

तेव्हापासून मुले प्रत्येक शब्दाच्या खनपटीलाच बसू लागली.

एके सकाळी चिंगी धावतच वर्गात आली. "बाई, काल आजोबा गुडघ्याला लावायचं औषध खोकल्याचं समजून पीत होते. बाटलीवर लिहिलं होतं, 'केवळ बाह्य वापरासाठी'. मी ओरडले, पण त्यांना ऐकू कुठे येतं? मग मी चमचाच उडवला."

"रागावले असतील?"

"आधी खूप. मग मी त्यांना 'बाह्य'चा अर्थ लिहून दाखवला. तर कितीतरी वेळ माझा हातच सोडेनात."

बाईंनी तिच्या हाती खडू दिला. तिने माझ्यावर 'बाह्य' लिहिले. तो शब्द पुसायला बरेच दिवस कोणी धजावले नाही.

आता तिथे पांढरा, गुळगुळीत फळा आहे. मी जिन्याखाली उभा असतो. रंग उडाला आहे, एका कोपऱ्याला वाळवी लागली आहे. जमले तर मला ऊन दाखवा, रंगाचा हात फिरवा. आणि एखादा शब्द अडला तर त्याला घोकू नका, "तू कोणाचा?" असे विचारा.

परवा जिन्यात एक मुलगी मैत्रिणीला विचारत होती, "फळा आणि फळ, यांचं काही नातं असेल का गं?"

इतकी वर्षे मी शब्द अंगावर वागवले, पण माझ्या स्वतःच्या नावाचे मूळ मला ठाऊक नाही. मित्रांनो, तुम्ही शोधाल? सापडले तर माझ्यावरच लिहून ठेवा.