नावाचं कडवं

मंठ्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये, गोदामात, ‘ढेकूळ’ बँडची तालीम चालायची, ती काही कुणाच्या कलाप्रेमामुळे नाही. गोदाम कल्याणच्या बापाचं, स्पीकर कल्याणचे, गिटारही त्याचीच. म्हणून बँडसुद्धा आपल्याच मालकीचा, असा त्याचा पक्का समज. गायची मोनाली, गाणी लिहायची मोनाली, ड्रम बडवायचा तिचा धाकटा भाऊ राजानंद. आणि मालक कोण, तर हा! त्याचं तोंड बघितलं की मोनालीच्या मस्तकात तिडीक जायची.

तिडकीला कारणही होतं. तिचे वडील भिवा यांची गायन पार्टी, जयंतीला गावोगाव भीमगीतं गाणारी. पार्टीचा रिवाज असा, की रचणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात यायलाच हवं. कागद हरवला तरी गाणं जिथं जाईल तिथं नाव बरोबर जातं. मोनालीनेही आपल्या पहिल्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात नाव गुंफलं. रेकॉर्डिंग झाल्यावर कल्याणने ते कडवंच उडवलं आणि यूट्यूबवर गाण्याखाली लिहिलं, ‘गीत-संगीत: कल्याण’.

ती भांडायला गेली तर हा दात काढून म्हणाला, “रॉकमधी कोण नाव घालत असतंय? ते तुमच्या पार्टीत चालतंय.”

‘तुमच्या’ हा शब्द त्याने जरा दाबून म्हटला. काय समजायचं ते ती समजली. गोड बोलून गळा कापणारे तिने पाहिले होते. हा मेला गोडही बोलत नव्हता.

“सोड ना ताई हा बँड,” राजानंद म्हणाला. “आपण दुसरा काढू.”

“मी काहून सोडू? शब्द माझे, आवाज माझा. त्याला जायचं आसंल तर जाऊ दे.”

त्या संध्याकाळी धुणं पिळताना ती कल्याणला मनातल्या मनात शिव्या घालत होती. एका शिवीला चाल लागली. तिने ओले हात ओढणीला पुसले आणि फोनवर ओळी टिपल्या. नाव शेवटी ठेवलं की हा कापणार, हे उघड होतं. चोराला वाट ठाऊक झालेली. मग तिने नाव शेवटच्या कडव्यातून काढलं आणि थेट धृपदात बसवलं.

“वाट काय तुझ्या बापाची?
मोनाली म्हणे, सरक बाजूला!
सावली काय तुझ्या मापाची?
मोनाली म्हणे, सरक बाजूला!”

रेकॉर्डिंग गोदामातच ठरलं. रुईच्या गठाणी भिंतीसारख्या रचल्या, की मधे आवाज घुमत नाही, स्वच्छ येतो. पण गठाणी न्यायला दुपारी ट्रक येणार होते, आणि शनिवारी जालन्याच्या कार्यक्रमात नवं गाणं वाजणार असं कल्याण गावभर सांगून बसला होता. स्वतःला एक ओळ सुचेल तर शपथ.

त्याने शब्द वाचले आणि त्याचा चेहरा उतरला. “हे काय? गाणंभर सोताचंच नाव घेऊन राह्यली का?”

“हो.”

“बिलकुल न्हाई. ‘आम्ही म्हणतो’ कर तिथं.”

“मंग तूच गा,” म्हणून ती गठाणीवर जाऊन बसली.

त्याने गाऊन पाहिलं. राजानंदने काड्या खाली ठेवल्या. बाहेर पहिल्या ट्रकचा हॉर्न वाजला. बेस वाजवणारा राधेश्याम एरवी तोंडातून ब्र काढत नसे, तोही चिडला. “जल्दी कर ना बे कल्याण! शनवारी स्टेजवर काय वाजवायचं, तुझं कपाळ?”

कल्याणने गिटार उचलली. अडला हरी, दुसरं काय!

“थांब,” मोनाली म्हणाली. “मी ओळ टाकणार, धृपद मागच्यानं उचलायचं. पार्टीत त्याला झील धरणं म्हणतेत. राजाच्या हातात काड्या, राधेश्यामचा गळा बोकडाचा. ऱ्हायला तू.”

“मी तुझ्या नावानं बोंबलू? डोकं फिरलंय का तुझं?”

“नको बोंबलू. ट्रक उभेच हायेत.”

पहिल्यांदा तो पुटपुटला. “ऐकू येत न्हाई,” ती म्हणाली. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने म्हटलं. “ऐकू येत न्हाई!” तिसऱ्यांदा मात्र त्याचं टाळकं सरकलं. मानेच्या शिरा ताणून, दात खाऊन, जन्माचा सगळा द्वेष त्याने त्या नावावर ओतला. “मोनाली म्हणे!” ती त्याच्याइतक्याच रागाने पुढची ओळ त्याच्या अंगावर फेकत गेली. शेवटी दोघांना धाप लागली होती, आणि एकमेकांचं नरडं दाबायचंच काय ते बाकी होतं.

राधेश्यामने हेडफोन लावून ऐकलं आणि बाही वर करून अंगावरचा काटा दाखवला.

नंतर कल्याणने कापाकापी करून पाहिलीच. प्रत्येक दुसऱ्या ओळीत ती उभी! नाव काढलं की नुसते ड्रम उरत. झक मारत त्याने गाणं आहे तसं सोडलं, आणि जालन्यात, बदनापुरात, जिथं तिथं पोरं तेच मागायला लागली. पोरांना वाटायचं, काय जोश आहे या गड्याच्या आवाजात! तो जोश कशाचा, हे मोनालीला ठाऊक होतं. तिला त्याची दया येत नव्हती, आणि आपल्याला ती येत नाही याचं वाईटही वाटत नव्हतं.

अंबडच्या मैदानात कार्यक्रमाच्या शेवटी पोरांनी पुन्हा तेच मागितलं. कल्याण तिच्याजवळ सरकला. “आजच्या दिवस धृपद तूच म्हण. घसा बसलाय माझा.”

“बसू दे.”

राजानंदने ठेका धरला. मोनालीने पहिली ओळ फेकली, माइकपासून मागे झाली आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. सगळं मैदान थांबलं होतं. कल्याणने डोळे मिटले आणि तिचं नाव घेतलं.