ड्रमला वीज लागत नाही

मार्च २००३. दुबईबाहेरच्या मोकळ्या मैदानावर रॉक फेस्टिव्हल होता आणि सकाळपासून पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. मैदान सपाट करायला टाकलेल्या मातीचा दुपारपर्यंत घोटाभर चिखल झाला होता.

शुभ्राचा बँड पहिलाच वाजवणार होता. ड्रमवर ती, बेसवर अन्वरी, गिटार आणि गाणं वेदांगचं. तिघंही दुबईतल्या बर दुबई भागात वाढलेली, कॉलेजातली. शुभ्राचे बाबा दत्तप्रसाद शारजातल्या हमरियाला एका पाइपांच्या कारखान्यात मॅनेजर. "नेणार आणि आणणार मी," या अटीवर त्यांनी परवानगी दिली होती.

गाडीत बसताना त्यांची नजर वेदांगच्या टी-शर्टवर गेली. छातीवर हिरवं, बोटांसारखं पसरलेलं पान होतं.

"हे कसलं पान रे?"

"काका, नुसती फॅशन आहे."

"गांजाची फॅशन? या देशात? उलटा कर तो शर्ट."

वेदांगने शर्ट उलटा घातला.

मैदानावर पोचल्यावर मात्र शुभ्राला हसू आलं. दर तिसऱ्या अंगावर तेच पान होतं. टोप्यांवर, गळ्यातल्या माळांमध्ये, झेंड्यांवरही. पोरं डोळे अर्धे मिटून एकमेकांची नक्कल करत होती. बहुतेकांचा नुसता रुबाब होता. पण जनरेटरच्या मागून एक गोडसर, जळका वास येत होता, आणि तो खरा होता.

तिथेच, कलाकारांच्या तंबूच्या दाराशी, एका उंच गोऱ्या मुलाने वेदांगसमोर वळलेली सिगारेट धरली.

"फॉर द नर्व्ज, मेट."

वेदांगने हात पुढे केला.

"वेदांग, नको," शुभ्रा म्हणाली.

"एकच पफ गं. इतके लोक बघून माझा आवाजच फुटत नाहीये."

"रक्तात सापडलं तरी चार वर्षं आत. आणि मग तुझ्या आईबाबांचं काय? विमानात बसवून देतील सगळ्यांना."

"तू माझी आई आहेस का?"

"नाही. ड्रमर आहे. मला गाणारा जागेवर हवाय."

वेदांगने हात मागे घेतला, पण तो तसाच पाय आपटत चिखलातून निघून गेला. गोरा मुलगा खांदे उडवून जनरेटरमागे परतला.

एवढ्यात आयोजकांपैकी अरुण धावत आला. "सॉरी यार, स्टेज पर पानी आ गया. बिजली बंद. जब तक सूखता नहीं, सब खलास. तुम्हारा स्लॉट कॅन्सल."

अन्वरी मटकन खुर्चीवर बसली. वर्षभर तिघांनी तिच्या घरच्या गच्चीवर घाम गाळला होता. बाहेर लोक गेटकडे सरकायला लागले होते.

"ड्रमला वीज लागत नाही," शुभ्रा म्हणाली.

"क्या?"

"मी वाजवते. माइक नको, काही नको."

अरुणने एकदा गेटकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "यल्ला, चल, जा!"

स्टेजवर ती एकटीच चढली. बसायचं स्टूल ओलं होतं. तिने पहिला ठोका मारला तेव्हा ड्रमवरचं पाणी तिच्याच तोंडावर उडालं. मग तिने कशाचाच विचार केला नाही. पायाने खालचा मोठा ड्रम धरला आणि हात सुटे सोडले. गेटकडे निघालेले काही चेहरे वळले. कोणीतरी चिखलात त्याच ठेक्यावर पाय आपटला. शेजाऱ्याने आपटला. चप्पच, चप्पच करत सगळं मैदान ठेका धरायला लागलं आणि माणसं परत पुढे यायला लागली.

गर्दी बाजूला सारत कोणीतरी स्टेजवर चढलं. वेदांग. गुडघ्यापर्यंत चिखल, केस कपाळाला चिकटलेले.

"पहिलं गाणं ना?" त्याने ओरडून विचारलं.

"पहिलंच! वाढव आवाज!"

माइकशिवाय त्याने गायला सुरुवात केली. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, तिघांनी मिळून लिहिलेलं. आधी आवाज चिरकला, मग मोकळा झाला. पुढच्या रांगेने ध्रुवपद उचललं आणि मागे दिलं. मराठी शब्द लेबनीज, फिलिपिनो, गोऱ्या, मल्याळी तोंडांत वाटेल तसे वाकत पार गेटपर्यंत पोचले. मघाचा तो उंच मुलगाही दोन्ही हात वर करून ओरडत होता.

तिसऱ्या कडव्याला पाऊस ओसरला. ध्रुवपद पुन्हा पुन्हा चालू होतं तोवर अरुणच्या माणसांनी फडकी मारून स्टेज कोरडं केलं, वायरी तपासल्या आणि वीज सोडली. बेस घेऊन स्टेजवर आलेल्या अन्वरीने तारेवर बोट मारलं, तशी बेसची घरघर तळपायातून छातीत शिरली. मैदान एका आवाजात किंचाळलं.

दत्तप्रसाद पँट दुमडून गर्दीच्या मधोमध उभे होते. बूट कधीच चिखलात रुतून गेले होते. शेजारच्या मुलाने त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं, "अंकल, हू इज द ड्रमर?"

"माय डॉटर!" ते त्याहून मोठ्याने ओरडले. आणि एकदा सांगून समाधान होईना, म्हणून पलीकडच्यालाही सांगितलं.

गाणं संपलं. "वन मोअर! वन मोअर!" सुरू झालं. वेदांगने मागे वळून शुभ्राकडे पाहिलं. ती घामाने, पावसाने निथळत होती, हात भरून आले होते. अरुण विंगेतून दोन्ही हातांनी खुणावत होता, चालू ठेवा.

शुभ्राने काठ्या एकमेकींवर आपटल्या आणि दुसरं गाणं सुरू केलं.