गरम कणसाचे चार प्रश्न

पौषातल्या कोवळ्या उन्हात हुरड्याच्या आगटीचा निळसर धूर वर चढू लागला, की त्याच्याआड मला काशीआत्याचा निखाऱ्यांनी उजळलेला, हसरा चेहरा दिसतो. वडिलांची ही थोरली बहीण आमच्याच गावात, बोरीत दिलेली. मुलीचं स्थळ असो, म्हशीची खरेदी असो, की ऊसतोडीला जायचा बेत, पेचात सापडलेला माणूस तिच्या आगटीपाशी येऊन बसायचा. सल्ला ती कुणालाच द्यायची नाही. निखाऱ्यातलं कणीस थेट समोरच्याच्या हातावर ठेवायची आणि तो ते चोळत असताना विचारायची,

"हे केलं तर काय व्हईल? न्हाई केलं तर काय ऱ्हाईल? उलटलं तर कोण सोसंल? अन् पुढं हळहळ कशाची लागंल?"

"पण आत्या, कणीस गरमच कशाला?" मी एकदा विचारलं.

"हात पोळायला आसला की माणसाला खोटं सुचत न्हाई, बाई!"

पुण्यातली कायमची नोकरी घ्यावी, की गावात रोपवाटिका काढावी, या घालमेलीत मी परभणीहून शेतकी शिकून गावी आले होते. नोकरीवाल्यांना संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता आणि वडिलांनी तो गृहीतच धरला होता. रोपवाटिकेबद्दलचे पहिले तीन प्रश्न मी पाठ केल्यासारखे सोडवले. चौथ्याला मात्र "रोपवाटिका न काढल्याची!" असं तोंडून निघून गेलं, हात चोळायचेच थांबले, तळव्याला चटका बसला, कणीस राखेत पडलं. आत्या डोळ्यांत पाणी येईतो हसली.

"घावलं की उत्तर! जा, बापाला मी बघते."

पहिल्याच वर्षी मिरचीची रोपं मर रोग लागून माना टाकून बसली. तिने सांत्वन केलं नाही. दुसरं कणीस दिलं आणि तेच चार प्रश्न विचारले. माझी उत्तरंही तीच निघाली, तेव्हा किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

आज रोपवाटिका हिरवीगार आहे, वडील गिऱ्हाइकांना कौतुकाने वाफे दाखवत हिंडतात, आणि आत्या नाही. यंदा आगटी मीच पेटवली. स्वतःच्याच हातावर कणीस ठेवून चारही प्रश्न मोठ्याने विचारले. काळ बाकी साऱ्या उत्तरांवर गवत उगवू देतो. चौथ्याचं मात्र तळहातावर ऊन ऊन उरतं: रोपवाटिकेची नाही गं आत्या, हळहळ एवढीच, की हे कणीस तुझ्या हातचं नाही.