नसलेला ब्रेक

मोहियुद्दीनने हलिमाच्या पोटावरून पट्टा ओढला आणि खट्‌कन लावला. भंगारात गेलेल्या जीपचा पट्टा, प्लास्टिकच्या खुर्चीला सुतळीने बांधलेला. मग त्याने टेबलफॅनच्या पुढ्यात बर्फाचा ट्रे ठेवला, फॅनचं तोंड बायकोकडे वळवलं आणि नाकात बोलायला लागला.

"देवियो और सज्जनो, बाहेर बर्फाचं वादळ हाय. ज्यांना भीती वाटते त्यांनी हलिमाबाईंकडं बघू नये, जास्तच वाटंल."

"फॅन बंद करा. मला शिंका येतात," हलिमा म्हणाली. तिच्या मांडीवर मेथीची जुडी होती आणि ती निवडत होती. विमान नॉर्वेत उतरायचं असलं तरी रात्रीची भाजी कशेळ्यातच व्हायची होती.

खाटेवर बसलेला मनोज चहाच्या कपातच हसला. तो वरच्या वाडीतला. कर्जत-कशेळे लाइनला दोघांच्या जीपा मागे-पुढे लागायच्या आणि संध्याकाळचा चहा एकाच घरी व्हायचा. हल्ली चहाबरोबर विमानही असायचं.

विमान जावयाचं. म्हणजे कॉम्प्युटर जावयाचा, झैदचा. नॉर्वेला जाताना तो इथेच ठेवून गेला होता, दांडा, पेडल आणि विमान चालवायच्या गेमसकट. तिकडे ट्रोम्सोला लेकीला, फराहला, दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण. अम्मी-अब्बा दोघंही हवेत म्हणून तिने महिनाभर फोनवर धोशा लावला होता. व्हिसा आले होते. तिकिटं तेवढी राहिली होती आणि आज फराह हो की नाही ते विचारायला फोन करणार होती.

अडलं होतं ते हलिमाच्या भीतीवर. ती विमानाला घाबरते हे अख्ख्या कशेळ्याला माहीत होतं, कारण मोहियुद्दीनने जीपस्टँडवर नक्कल करून सगळ्यांना दाखवलं होतं. बाजारात गेली की मच्छीवाली म्हणायची, "भाबी, लवंग चघळत बसा." पानवाला म्हणायचा, "खाली बघूच नका." हलिमा सगळ्यांना "बरं" म्हणायची आणि पिशवी उचलून घरी यायची.

"चला, पायलट आला," म्हणत मोहियुद्दीन स्क्रीनसमोर बसला.

स्क्रीनवर दुपार होती, पण काळोख. तिकडे या दिवसांत सूर्य उगवतच नाही. काचेवर बर्फ आडवा येत होता, जसं कुणी पांढरी माती भिरकावतंय. दोन्ही बाजूंना डोंगर, खाली खाडी, आणि समोर कुठेतरी धावपट्टी असणार असं सगळ्यांनी धरून चालायचं. वाऱ्याने विमान डोललं. मोहियुद्दीन पुढे वाकला, जीभ दातांत धरली. समोर धुक्याची भिंत आली तसा त्याने वेग उतरवला.

"वेग नका सोडू, मोहीभाय," मनोज म्हणाला.

"धुकं हाय रं. धुक्यात हळू जायचं. मी काय आज गाडी चालवतोय?"

"ती गाडी. हे मंदावलं का पडतं."

ते पडलं. नाक खाली गेलं, खाडी वर आली आणि स्क्रीन निळी झाली.

"मेलो का आपण?" हलिमाने मेथीचं देठ तोडत विचारलं.

"जरा भिजलो," मोहियुद्दीन म्हणाला. मग खुर्ची वळवून तिच्याकडे बघितलं आणि आवाज मऊ केला. "हे बघ गं. एवढी भीत असशील तर राहू दे. पोरीला मी सांगतो, अम्मीला नाय जमत. आणि तुला एकटीला टाकून मी तरी कसा जाऊ? बाळाला काय, उन्हाळ्यात बघू."

मनोजने कप खाली ठेवला आणि उगाच त्याच्या तळाशी काय आहे ते बघत बसला.

हलिमाने पट्टा सोडला. मेथी पदरात घेऊन उठली.

"इथं बसा," ती म्हणाली.

"मी? कशाला?"

"बसा तर. मनोजभाऊ, तुमी चालवा."

"हा? ह्यानं माझी जीप नाल्यात घातली व्हती!"

"नाल्याच्या काठावर," मनोज म्हणाला. पण उठला, हात पँटीला पुसले आणि दांडा धरला.

मोहियुद्दीन प्लास्टिकच्या खुर्चीत टेकला. हलिमाने त्याच्या पोटावरून पट्टा ओढून लावला, फॅन त्याच्याकडे वळवला आणि स्टूल घेऊन त्याच्या उजव्या बाजूला बसली. मेथी परत मांडीवर आली.

विमान पुन्हा काळोखात शिरलं.

"डावीकडं घे," मोहियुद्दीन लगेच म्हणाला. "अरं डावीकडं! लाइट मार वरची. हॉर्न..."

"चालकाशी बोलू नये," मनोज मान न वळवता म्हणाला. "तुमीच लिवून घेतलंय जीपमदी."

मोहियुद्दीनने हाताने सुतळी धरली. वारा आला, विमान एका अंगावर गेलं आणि त्याचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला. तिथे पेडल नव्हतं, नुसती फरशी होती. तरी तो दाबत राहिला. चपलेतून पुढे आलेली बोटं पांढरी पडली. गेल्या साली मोहोपाड्याला लग्नाला जाताना त्याचा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून मनोजने गाडी चालवली होती. बाजूच्या सीटवर बसून मोहियुद्दीनने पायाखालचं मॅट मोहोपाडा येईस्तोवर दुमडून टाकलं होतं. त्या रात्री पोटरीला तेल हलिमानेच चोळलं होतं.

आताही ती स्क्रीनकडे बघत नव्हती. त्याच्या पायाकडे बघत होती.

"काय बी दिसत नाय," मनोज म्हणाला. "वर घेतो."

"वर? उतरायचं सोडून?"

"नाय दिसलं तर परत वर जायचं. एक फेरी मारून यायचं."

"असं चालतं?" मोहियुद्दीनचा आवाज बारीक झाला होता. त्यात नक्कल नव्हती.

"चालतं. वरती कोण गाडी आडवी घालतंय?"

विमान वर गेलं, डोंगराला वळसा घालून परत फिरलं. बर्फ तसाच आडवा येत होता. मोहियुद्दीनचा पाय पुन्हा फरशीत रुतायला लागला, तेव्हा हलिमाने चप्पल काढली आणि आपला अनवाणी पाय त्याच्या पायावर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. हाताने मेथी निवडणं चालूच.

त्याने पाय काढून घेतला नाही.

धुक्यातून आधी एक दिवा आला, मग दिव्यांची रांग. चाकं टेकली, विमान घसरलं, काचेवर बर्फ उडाला, आणि ते धावपट्टीवर तिरपं होऊन थांबलं.

फॅनसमोरच्या ट्रेमधलं पाणी ठिबकत होतं. तिच्या पायाखाली त्याचा पाय हळूहळू सैल झाला.

"पार्किंग जरा वाकडी झाली," मनोज म्हणाला आणि जीपची चावी उचलून बाहेर पडला. जाताना हसला नाही, हे त्याच्या मानाने फार होतं.

फोन वाजला. हलिमाने स्पीकर लावला.

"अम्मी, काय ठरलं?" फराहचा आवाज दमलेला होता. "अब्बा म्हणतात तू फार घाबरतेस. खरं सांग, नसंल जमत तर मी समजून घेईन."

मोहियुद्दीन स्क्रीनवरच्या थांबलेल्या विमानाकडे बघत राहिला. पट्टा अजून पोटावर होता. हलिमाने त्याच्याकडे बघितलं.

"घाबरते गं थोडी," ती म्हणाली. "पण येतो. दोघंबी."

पलीकडून नाक ओढल्यासारखा आवाज आला. "मग काढते आजच. खिडकी कुणाला हवी?"

"खिडकी नको. शेजारी शेजारी घे. मला अब्बाच्या उजव्या हाताची."

"उजव्याच का?"

मोहियुद्दीनने तिच्या मांडीवरची अर्धी मेथी उचलली आणि मान खाली घालून निवडायला लागला.

"तिथनं मला भीती कमी वाटते," हलिमा म्हणाली.