टीनाचे स्क्रीनशॉट

गुणवंताची फजिती करायची ठरली तेव्हा टिंकूला वाटलं होतं, आठवडाभर मजा येईल. ती पार दिवाळी उलटेपर्यंत पुरली.

गुणवंता टिंकूच्याच गावचा, मुर्रीचा. चाळिशी ओलांडलेला, धानाची शेती बरी, स्वभावानं गरीब गाय. आई गेल्यापासून घरात एकटा. समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यानं स्वतःचा बायोडाटा टाकला होता. पण शेती करणाऱ्याला पोरगी द्यायला आजकाल तयार कोण आहे? एकाही घरून उत्तर आलं नाही. मग टिंकूनं आपल्या दुसऱ्या सिमवरून दिलं. नाव टीना, गाव देवरी, बारावी पास. फोटो कुठल्याशा ड्रेसच्या जाहिरातीतला.

गडी अलगद सापडला. जेवली का, विचारायचा. भाजीत मीठ जास्त पडलं तर काय करायचं, तेही विचारायचा. एकदा त्यानं लिहिलं, 'तुमाले गोठ्याचा वास चालन का? नाही त गोठा मागं हलवतो.' टिंकू प्रत्येक मेसेजचा स्क्रीनशॉट काढून त्याच नंबरवरून गावातल्या पोरांच्या ग्रुपवर टाकायचा. दुसऱ्या दिवसापासून गुणवंता पानठेल्यावर आला की पोरं नाकाला रुमाल लावू लागली. तो बिचारा आपलाच सदरा हुंगून बघायचा.

टिंकूला याचं काही वाटत नसे. त्याला स्वतःलाही कुणी पोरगी देत नव्हतं, आणि आपल्याहून अभागी माणूस हाताशी असला की नालायकाला बरं वाटतं.

मग गुणवंतानं टीनाला मुर्रीच्या मंडईचं आमंत्रण दिलं. दिवाळीनंतरच्या या जत्रेला पाहुणे काही नुसती जिलेबी खायला येत नाहीत. येता-जाता घर बघतात, मुलगा बघतात, सोयरिकी जुळतात. 'भावाला घेऊन येते,' असं टिंकूनं लिहून टाकलं.

त्याचा दोस्त भुपेंद्र म्हणाला, "जास्त होऊन राहिलं गा." आणि हसला.

गुणवंतानं घराला रंग दिला. गोठा खरोखरच मागं हलवला. आमगावहून जमुनाकाकूला आणलं, कारण पाहुण्यांसमोर बोलायला घरात कुणीतरी मोठं माणूस हवं.

मंडईच्या दिवशी दंडारीचा नाचगाण्याचा खेळ रंगात आला होता. टिंकू आणि भुपेंद्र गर्दीत मागे उभे. टीनाच्या नंबरवर मेसेज आला, 'कुठवर आल्या? काकूनं वडे तळाले घेतले.' टिंकूनं घाईघाईनं स्क्रीनशॉट काढला, खाली लिहिलं, 'पोट्टेहो, नवरदेव वडे तळून राहिला,' आणि यादीतलं सगळ्यात वरचं नाव दाबलं. वर ग्रुप नव्हता. नुकताच मेसेज आला म्हणून वर गुणवंताच होता.

टिंकूचं बोट पुसायच्या बटणाकडे गेलं, पण तोवर निळ्या खुणा उमटल्या होत्या. मग उत्तर आलं.

'तू कोण हायेस, मी इचारत नाही. पन काकू सकाळपासून चुलीजवळ हाये. टीना बिमार पडली असा एक मेसेज टाक. तिले वाचून दाखवतो.'

टिंकूनं 'टीना बिमार' एवढं टाईप केलं, हे खरं. पण शेजारून भुपेंद्रनं विचारलं, "काय म्हणते गा थो?" तेव्हा त्यानं या मेसेजचाही स्क्रीनशॉट काढला. या वेळी ग्रुप नीट बघून निवडला. हसण्याचा पूर आला. त्या पुरात गुणवंताला दोन ओळींचं उत्तर द्यायचं राहून गेलं. खरं सांगायचं तर टिंकूनं ते दिलंच नाही.

सकाळी काकू परत निघाली. तिची पिशवी घेऊन गुणवंता पानठेल्यासमोर ऑटोची वाट बघत होता. पोरं बसलेलीच होती. काकू त्यांच्याकडे वळली.

"पोट्टेहो, देवरीची टीना ठाऊक हाये का कोनाले? बिमार पडली बिचारी. गुणवंतानं मेसेज वाचून दाखवला मले. पोरगी कशी हाये रे?"

असा मेसेज कधी आलाच नाही, हे काकू सोडून तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. गुणवंताची नजर एकेका पोरावरून फिरत टिंकूवर थांबली. नजरेत राग नव्हता. हात जोडावेत तसं काहीतरी होतं.

"बहुत चांगली हाये, काकू," टिंकू म्हणाला. "गुणवंताभाऊवर लय जीव हाये तिचा."

पोरांना हसू फुटलं. कुणी बाकावर लोळलं, कुणी नाकाला रुमाल लावला. गुणवंता पिशवीचे बंद हाताला गुंडाळत राहिला.

काकूही हसली. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "माहा जीव थंडा झाला रे बाबू," आणि तिनं टिंकूच्या डोक्यावरून हात फिरवला.