कोरा चेहरा

सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आमच्या सूनबाईंसमोर दूध उतू गेलं ना, तरी त्या आधी दुधालाच विचारतील, उतू जाताना तुला नेमकं काय वाटलं?" यावर सगळ्यांत मोठ्यांदा सूनबाईच हसायची, कारण तिचं कामच तसं होतं. कातडीच्या रंगावरून माणसांना शाळेत, दवाखान्यात, कामावर कसं वागवलं जातं, हे ती वस्त्यावस्त्यांत बसून ऐकायची आणि त्या ऐकण्याच्या जोरावर शाळांना नियम बदलायला लावायची. समोरच्याच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत आणि आपल्या चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नाही, हा तिचा दंडक. आपण हळहळलो की बोलणारा स्वतःचं दुःख सोडून आपल्यालाच सांभाळत बसतो, असं ती हाताखालच्या मुलींना शिकवायची. ते काही खोटं नव्हतं.

एके दिवशी लेक शाळेतून आली. पायाला उसंत नाही म्हणून जिला घरात भिंगरी म्हणायचे, ती सात वर्षांची पोर बूटही न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"खेळात गोल करताना माझा हात कुणी धरलाच नाही," ती म्हणाली. "म्हणे, तुझा रंग लागेल."

आईने हातातलं काम तसंच टाकलं. पण हाडीमाशी मुरलेली सवय ती! तिने खुर्ची ओढली, आवाज मऊ केला, चेहरा कोरा केला.

"बरं. मग काय झालं?"

"मी एकटीच उभी राहिले."

"तेव्हा बाई कुठे होत्या?"

"तिथंच."

"अजून काही सांगावंसं वाटतंय?"

प्रश्न कसे अगदी बिनचूक. भिंगरीने आईचा चेहरा नीट निरखला, "नाही" म्हणाली आणि आजीच्या खोलीत निघून गेली.

थोड्या वेळाने सासूबाई बाहेर आल्या. आज त्या चेष्टेच्या सुरात नव्हत्या.

"अगं, पोर काय विचारतेय माहितेय? म्हणते, आजी, आईलापण ते बरोबरच वाटतं का? तिला तर काहीच झालं नाही."

आई तशीच उठली. आजवर आपल्यासमोर बोलून गेलेल्या किती जणांनी असाच आपला चेहरा शोधला असेल, हे मनात आलं आणि तिला शरम वाटली. पण आता तिची पोर आत बसली होती.

भिंगरी पलंगाच्या कडेला होती, दोन्ही हात मांड्यांखाली दडवून. आईने ते हात ओढून बाहेर काढले, आपल्या हातांत घट्ट धरले. या वेळी डोळ्यांतलं पाणी तिने लपवलं नाही.

"मला राग आलाय," ती म्हणाली. "भयंकर राग आलाय. उद्या मी तुझ्या बाईंसमोर जाऊन उभी राहणार आहे. आणि खूप वाईट वाटतंय गं मला, बाळा."

"खरंच?"

"बघ ना माझ्याकडे."

भिंगरीने पाहिलं. आईच्या ओल्या गालावर बोट फिरवून खात्री करून घेतली. मग ती आईच्या कुशीत शिरली आणि दिवसभर दाबून धरलेलं रडू तिने एकदाचं मोकळं सोडलं.