विषारी झुडपाची राखण

क्लाइव्हने कुदळ घातली आणि पहिलं झुडूप मुळासकट उपटून बाजूला फेकलं. टेकडीवरचा हा शेवटचा पट्टा. बाकीच्या रानातून हे विषारी झुडूप त्याने आणि त्याच्या बापाने हातांनी काढून टाकलं होतं. एवढा तुकडा मात्र त्याच्या बायकोने, नोरीनने, चाळीस वर्षं अडवून धरला होता, निव्वळ केशरी फुलांसाठी. परवा सात मेंढ्या कुंपण मोडून आत शिरल्या आणि पाला खाऊन मेल्या. मग तिचंही तोंड बंद झालं. आज ती चहाचा थर्मास घेऊन नुसती उभी होती.

“रडतेस काय? बाबा म्हणायचे, हे झुडूप आणि ती वॉयली, दोघं एकाच माळेचे मणी. एक मेंढ्या मारतं, दुसरी जमीन उकरते. वॉयल्या निदान कोल्ह्यांनी तरी संपवल्या.”

“लहानपणी वॉयली पाव न्यायची माझ्या हातातून,” नोरीन म्हणाली. “सशाएवढीच, पण पोटाला पिशवी.”

दुसऱ्या घावासरशी मुळाशी दडलेलं वाळक्या गवताचं घरटं फाटलं. आतून एक करडा जीव उडी मारून बाहेर आला आणि तीन पावलांवर थबकला. पोटाच्या पिशवीतून पिल्लाचा पाय लोंबत होता.

क्लाइव्हची कुदळ वरच राहिली. आता त्याला दिसलं, प्रत्येक झुडपाखाली ताजी उकर होती आणि बियांची टरफलं.

“विषारी बिया खाऊन ही मरत कशी नाही?”

“ही इथलीच ना. मेंढ्या आपल्या लोकांनी जहाजातून आणल्या, कोल्हेही आपणच.” नोरीन कुंपणाकडे बघत राहिली. “हिने बिया खायच्या, कोल्ह्याने हिला खायचं, आणि विष त्याला बाधायचं. दर वसंतात तिथे कोल्हा मरून पडायचा, आठवतं?”

“ते माझ्या बंदुकीने—” क्लाइव्ह थांबला. त्या कोल्ह्यांच्या अंगावर छर्‍याची एकही खूण नसायची, हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

वॉयली झुडपांत दिसेनाशी झाली. त्याने टोपी काढली.

“चाळीस वर्षं तुला वेडी म्हणत आलो. माझं ऐकलं नाहीस, फार उपकार झाले गं.”

तो गुडघ्यांवर बसला. उपटलेलं झुडूप त्याने परत खड्ड्यात उभं केलं आणि तळहातांनी माती दाबली.

“याला पाणी किती लागतं?”

“मला काय ठाऊक?” नोरीन त्याच्याशेजारी टेकली. “हे कुणी लावलेलं मी कधी पाहिलंच नाही.”